भोक आपलं, पाणी वरच्यांचं

पुणे-नगर रस्त्यावरची वाघोली ही दगडाची वाघोली. इथल्या खाणी आणि क्रशर, त्यांची धूळ आणि खडीचे ट्रक हे सगळं इथे सोसायट्या उभ्या राहण्याच्या आधीपासूनचं आहे. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यांत वाघोली होती. तोवर केसनंद फाटा, बकोरी रस्ता, बायफ रस्ता या सगळ्या बाजूंना टॉवर उभे राहून गेले होते. त्यांच्या स्लॅबमध्ये असाच सह्याद्रीचा काळा दगड खडी होऊन बसला आहे. पण त्या स्लॅबखाली चार-सहा इंच जागा सोडून जे गुळगुळीत पांढरं छत लटकतं, त्याचा इथल्या जमिनीशी काही संबंध नाही. ते जिप्समचं. भारतात खाणीतून निघणारं जवळजवळ सगळं जिप्सम राजस्थानचं, म्हणजे जिथे पाऊस नावापुरताच पडतो तिथलं. या छताला पाण्याचं वावडं आहे आणि वरच्या मजल्यावर कोणाचं तरी बाथरूम आहे. या प्रकरणाचा विषय या एका वाक्यात मावतो.

छताला भोक एका दिवसात पडत नाही. आधी चहाच्या रंगाचं एक कडं उमटतं. मग रंगाला फोड येतात, बोर्ड खाली झुकून पोट काढतो आणि एखाद्या सकाळी हॉलमधल्या सोफ्यावर भिजलेल्या चुन्यासारखा लगदा पडलेला दिसतो. आपण लगेच रंगाऱ्याला बोलावतो. तो भोक बुजवतो, पुट्टी मारतो, वर रंगाचे दोन हात देतो आणि दिवाळी छान जाते. पुढच्या पावसाळ्यात तेच कडं त्याच जागी परत उमटतं. त्यात रंगाऱ्याचा दोष नाही. त्याला भोक बुजवायला सांगितलं होतं आणि त्याने ते बुजवलं.

आपल्याकडच्या माळवदांच्या घरांत हा घोळ नव्हता. छत गळलं की वर चढायचं, पांढरी माती टाकायची, ती चोपायची आणि खाली यायचं. गळती वरून बंद होत असे आणि वरची जागा आपलीच असे. फ्लॅटमध्ये आपलं छत ही दुसऱ्याची जमीन असते. भोक आपल्या मालकीचं आणि पाणी दुसऱ्याच्या, त्यामुळे दुरुस्तीतलं सर्वांत अवघड काम शिडीवर चढून करायचं नसून वरच्या मजल्यावरची बेल वाजवून करायचं असतं. दार उघडल्यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "आमचं बाथरूम तर कोरडं ठणठणीत असतं हो." ते खरंही असतं. गळणारं पाणी त्यांच्या टाइल्सच्या खाली असतं आणि त्यांना ते दिसण्याचं काही कारणच नसतं.

म्हणून वर जाण्याआधी पाणी कुठून येतंय याचा अंदाज खालूनच घ्यावा. त्यासाठी एक वही पुरते. ओल कधी वाढते हे तारीख-वेळ घालून आठवडाभर लिहायचं. रात्रंदिवस एकाच वेगाने थेंब पडत असतील, तर संशय दाबाच्या पाइपवर घ्यावा, म्हणजे भिंतीत गाडलेल्या सीपीव्हीसीच्या जोडावर. वरच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला आणि थेंब थांबले, तर निदान झालं. सकाळी आंघोळीच्या वेळेनंतर ओल वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप, त्याच्याभोवतीचा सांधा किंवा टाइल्समधली झिजलेली फट. इथे जुनी आणि खात्रीची चाचणी म्हणजे वरच्या बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट कोंबून, उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी तुंबवायचं आणि २४ तास वाट पाहायची. त्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग घातला, तर कोणाचं पाणी यावर पुढे वाद होत नाही. फक्त पावसातच गळत असेल, तर गच्ची, डक्ट किंवा बाहेरच्या भिंतीची चीर. आणि उन्हाळ्यात दुपारी गळत असेल तर वरच्यांकडे जाऊच नका. आधी आपल्याच एसीचा ड्रेन पाइप पाहा. तो फॉल्स सीलिंगच्या आतून नेलेला असतो, उताराऐवजी मधेच उंच झालेला असतो आणि तुंबला की आपल्याच छतावर रिकामा होतो. वरच्या काकांशी भांडण झाल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आधी आलेलं बरं.

डाग नेमका गळतीच्या खालीच असेल असं मात्र धरून चालू नका. स्लॅबखालून पाणी वाट काढत जातं, लोखंडी चॅनेलवरून घरंगळतं आणि बोर्डांचा सांधा मिळेल तिथे उतरतं. गळती बाथरूमवर आणि भोक बेडरूममध्ये, असं सर्रास होतं. भोकातून मोबाइलचा टॉर्च लावून वर पाहिलं, तर पाण्याची वाट पांढऱ्या रेघेने दिसते. हा काँक्रीटमधून धुऊन आलेला चुना. जुनी गळती असेल तर त्याचे बारीक सुळे लोंबकळताना दिसतात, आणि तसे दिसले तर "परवापासूनच गळतंय" या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये.

पाण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त. जिथे सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर काढतात, त्या वाघोलीत ही गळती वरच्यांच्या खिशालाही लागते. हा मुद्दा बेल वाजवल्यावर पहिल्यांदा काढावा, स्वतःच्या छताचा नंतर.

आता तो बोर्ड. जिप्सम हा मऊ दगड आहे आणि त्याच्या स्फटिकांत पाणी रासायनिक बंधाने बसलेलं असतं, १०० किलोत सुमारे २१ किलो. तो दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती पीओपीची भुकटी. भुकटीत पाणी घाला, ती गेलेलं पाणी परत घेते, गरम होते आणि अर्ध्या तासात पुन्हा दगड होते. ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन माणसाने प्लास्टर आणि कागदाचे थर एकावर एक घालून तयार तक्ता केला आणि १८९४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या जिप्सम बोर्डाचा तो पूर्वज. आता मधे जिप्समचा एकच गाभा आणि दोन्ही बाजूंना जाड कागद असतो. बोर्डाची ताकद त्या कागदात आहे, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. कागद सोललेला बोर्ड हातात घेतला तर बिस्किटासारखा मोडतो.

इथे मराठी वाचकाला एक शंका येणारच. पीओपीचा गणपती विसर्जनानंतर महिनोन्महिने विरघळत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि तेच पीओपी छताला लावलं की चार बादल्या पाण्यात त्याचा लगदा होतो, हे कसं? दोन्ही खरं आहे. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण फार थोडं, लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणून तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली आणि महापालिका ते गणेशोत्सवात मोफत वाटत आली. बादलीत दोनेक दिवसांत मूर्तीचा खडूसारखा गाळ होतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उतरतं. मूर्ती जाड असते आणि तिला कोणी छताला टांगून ठेवत नाही. बोर्ड मात्र साडेबारा मिलिमीटर जाडीचा, वर आडवा लटकवलेला. ओलीने कागदाची आणि गाभ्याची पकड सुटते, गाभा मऊ पडतो आणि तो स्वतःच्याच वजनाने खाली येतो. सहा फूट बाय चार फुटांचा बोर्ड कोरडा असतानाच वीसेक किलो भरतो. भिजल्यावर तो किती होईल याचा अंदाज त्याच्याखाली उभं राहून घेऊ नये.

तेव्हा पहिलं काम म्हणजे त्या खोलीचा एमसीबी पाडणं. सीलिंगमधल्या दिव्यांच्या वायरी याच ओल्या पोकळीतून गेलेल्या असतात. मग खालचं सामान हलवा आणि जमिनीवर जुनी चादर पसरा. बोर्डाने पोट काढलं असेल तर बाजूला उभं राहून पोटाच्या सर्वांत खालच्या जागी पेचकसने एक छिद्र पाडा आणि खाली बादली धरा. साठलेलं पाणी निघून गेलं की ओझं उतरतं आणि आख्खा बोर्ड कोसळण्याची भीती कमी होते. बरेच लोक हे छिद्र पाडायला कचरतात, चांगलं छत खराब कशाला करायचं म्हणून. ते छत आधीच गेलेलं असतं.

एक-दोन गोष्टी तपासून हे काम आपलं की मिस्त्रीचं ते ठरवा. बोर्ड ज्या चौकटीला ठोकलेला असतो तिची रचना सोपी आहे. भिंतीच्या कडेने पेरिमीटर चॅनेल, स्लॅबला ठोकलेल्या पट्ट्यांवर साधारण १२२० मिलिमीटर अंतराने इंटरमीजिएट चॅनेल आणि त्यांना आडव्या, ४५७ मिलिमीटरवर सीलिंग सेक्शन. बोर्ड या शेवटच्या सेक्शनला काळ्या स्क्रूंनी धरलेला असतो. लटकत्या पट्ट्या गंजून पातळ झाल्या असतील, झुकलेला भाग एका बोर्डापेक्षा मोठा असेल किंवा स्लॅबचं काँक्रीट फुगून आतली सळई दिसत असेल, तर शिडीवरून खाली उतरा. सळई दिसणं हे सीलिंगवाल्याचंही काम नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. आणि छत बोर्डाचं नसून जागेवर ओतलेल्या पीओपीचं असेल, म्हणजे फुटलेल्या कडेला कागदाऐवजी काथ्याचे धागे दिसत असतील, तर पुढची रीत लागू नाही. तिथे काथ्या पीओपीच्या घोळात बुडवून मागून थापतात, आणि ते हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावं.

कापताना कंजूषपणा करू नका. बोटाने दाबून पाहा. जिथे बोर्ड दबतो किंवा ठोकल्यावर बद्द वाजतो तिथपर्यंतचा सगळा भाग जायला हवा, आणि त्यापुढे दोन-तीन इंच कोरडा बोर्डही. गुण्याने सरळ चौकोन आखा, कारण वाकड्यातिकड्या भोकाला नेमका तुकडा कापणं फार त्रासाचं आहे. आधी कटरने कागद चिरा, मग बारीक करवतीने किंवा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने कापा. पातं आत जेमतेम इंचभर जाऊ द्या, वायर नेमकी कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं. काळी-हिरवी बुरशी दिसली तर एन-९५ मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका. ओला कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य, एक-दोन दिवसांतच ती धरायला लागते. बुरशी आलेला बोर्ड पुसून वापरायचा नसतो, पिशवीत बांधून टाकून द्यायचा असतो.

आता थांबायचं. हा टप्पा कोणालाच आवडत नाही, कारण घराला उघडं भोक असतं आणि पाहुणे येतात. पण वरची गळती दुरुस्त झाली तरी स्लॅब आणि टाइल्सखालचा कोबा यांत मुरलेलं पाणी पुढे कित्येक दिवस उतरत राहतं. पावसाळ्यात तर फारच. स्लॅबला प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या आत दव जमलेलं दिसलं, तर अजून वेळ आहे. भोकाकडे टेबलफॅन लावून ठेवला की मदत होते. याच काळात चॅनेलवरचा गंज घासून त्यावर रेड ऑक्साइडचा हात मारून घ्यावा. भोक बंद झाल्यावर ते होणार नाही.

तुकडा त्याच जाडीचा हवा. बाजारात साधा बोर्ड फिकट रंगाच्या कागदाचा असतो, ओल सोसणारा हिरव्या कागदाचा. त्याला दुकानात एमआर बोर्ड म्हणतात. बाथरूम, किचन आणि गच्चीखालच्या खोलीत हिरवाच घ्यावा. तो ओल सोसतो, गळती नव्हे, एवढं लक्षात असू द्या. आख्खा बोर्ड घ्यायची गरज नसते. शेजारच्या इमारतीत फर्निचरचं काम चालू असेल तर तिथे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर मिळतात.

भोक सीलिंग सेक्शनपर्यंत पोचत असेल तर तुकडा थेट त्यालाच बसतो. नसेल तर भोकाच्या आत, वरच्या बाजूने लाकडाच्या किंवा प्लायच्या दोन पट्ट्या आडव्या सरकवायच्या, त्या हाताने खाली ओढून धरायच्या आणि जुन्या बोर्डातून स्क्रू मारून पक्क्या करायच्या. नवा तुकडा या पट्ट्यांना टेकतो. तो भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन मिलिमीटर लहान कापा, ठोकून बसवावा लागला तर कडा चुरतात. स्क्रू पंचवीस मिलिमीटरचे, कडेपासून अर्धा इंच आत. आता खरी कसोटी. स्क्रूचं डोकं कागदाला दाबून जरासं खाली बसलं पाहिजे, कागद फाटता कामा नये. ड्रिल मशीन जोरात चालवलं की डोकं कागद फोडून गाभ्यात शिरतं. दिसायला घट्ट वाटतं, पण त्या स्क्रूने काहीच धरलेलं नसतं. तसं झालं तर दोन इंच बाजूला दुसरा मारा.

तळहातापेक्षा लहान भोकाला पट्ट्यांचीही गरज नाही. भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा तुकडा घ्या. त्याच्या मागच्या बाजूने भोकाच्या मापाचा चौकोन आखून, रेघेबाहेरचा गाभा कटरने चिरून मोडा आणि पुढचा कागद न फाडता हलक्या हाताने सोलून काढा. मधे भोकाएवढा गाभा आणि सभोवती कागदाची मोकळी झालर उरते. भोकाच्या कडेला कंपाउंड लावायचं, गाभा आत बसवायचा आणि झालर पट्टीने दाबून गुळगुळीत करायची. ही झालरच टेपचं काम करते. पहिल्यांदा हे करून पाहायला एखादा टाकाऊ तुकडा आधी वाया घालवावा.

सांधे भरायला जॉइंटिंग कंपाउंडच घ्या. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घरात उरलेली असते आणि हात तिच्याकडेच जातो. पण ती कडक होते आणि बोर्डाचा सांधा थंडी-उन्हाने किंचित हलला की केसाएवढी चीर देते. नुसतं पीओपी भरलं तरी तेच. सांध्यावर कंपाउंडचा पातळ हात, त्यात कागदी टेप दाबून बसवायची, पट्टीने मधून कडेकडे ओढत आतली हवा आणि जादा माल काढायचा. हवा राहिली तर तिथे फोड येतो. वाळलं की दुसरा हात, पहिल्यापेक्षा रुंद. मग तिसरा, त्याहून रुंद, जवळजवळ फूटभर पसरलेला आणि कडेला शून्यावर आलेला. कोरड्या हवेत एका हाताला एक दिवस धरा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसही लागतात, आणि घाई केली तर खालचा ओला थर वरच्याला फाडतो. छताचा सपाटपणा या रुंदीत असतो, जाडीत नाही. नवशिका माणूस एकाच हातात सगळं भरायला जातो आणि मग दोन दिवस घासत बसतो.

घासायला आधी १५० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२० चा. बॅटरी छताला लागून आडवी धरली की उंचवटे सावलीने दिसतात. दिवसाच्या उजेडात ते दिसत नाहीत, संध्याकाळी दिवे लावल्यावर दिसतात, तेव्हा रंग मारून झालेला असतो.

पाण्याच्या डागावर थेट इमल्शन मारलं तर डाग त्यातून वर येतो, कितीही हात दिले तरी. डागातली द्रव्यं पाण्यात विरघळणारी आणि इमल्शनही पाण्याचं. म्हणून डागावर आधी तेलाच्या बेसचा प्रायमर. आणि रंग फक्त ठिगळावर मारू नका. जुना पांढरा आणि नवा पांढरा कधी जुळत नाही. सीलिंगचा तो पूर्ण चौकोन, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, एकदाच रंगवा.

राहिला पैशाचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी करून ठेवली आहे. पावसाची गळती आणि सामाईक पाइपलाइनची गळती हा संस्थेचा खर्च, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाचा. पुण्यात पुष्कळ ठिकाणी सोसायटीऐवजी १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं, तिथे आपलं डिक्लरेशन आणि उपविधी काढून वाचावे लागतील. वाघोलीतल्या बऱ्याच इमारती नव्या आहेत, म्हणून आणखी एक. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. तुम्ही या मुदतीत असाल तर करवत हातात घेण्याआधी डागाचे, पोकळीचे आणि स्लॅबच्या खालच्या बाजूचे तारखेसह फोटो काढा आणि ईमेल पाठवा. भोक सुबक बुजवल्यावर दाखवायला काही उरत नाही.

आणि भोक बाथरूमच्या छताला असेल, तर ते बुजवूच नका. तिथे फूट-दीड फुटाचं उघडतं झाकण बसवून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात ट्रॅप डोअर म्हणून तयार मिळतं. वरच्या फ्लॅटचे पाइप त्याच पोकळीतून जातात, आणि त्यांचे जोड पुन्हा केव्हातरी गळणार आहेत.